सहावा दाणा

सदाशिव पेठेत झेरॉक्सच्या दुकानाखाली
सोळा पायऱ्या उतरलं की आमची अभ्यासिका.
दिवस कुठला, रात्र कुठली,
ट्यूबलाइटला काय त्याचं!
किल्ल्यांचा जुडगा यशोधनकडे.
फी थकली की खुर्ची काढून घेतो म्हणतात.
माझी दोन महिने थकली,
तर पंखा माझ्याकडे वळवून गेला.

अप्पा बळवंत चौकातल्या रद्दीत
वीस रुपयांना ग्रीक देवांचं पुस्तक मिळालं.
त्यात एक मुलगी पाताळात डाळिंबाचे दाणे खाते
आणि अर्ध्या वर्षापुरती तिथलीच होते.
वर तिची आई रागाने शेतं वाळवते.

मला हसू आलं.
माझ्या आईची सांगोल्याची बाग
तेल्यानेच वाळते दर दोन वर्षांनी,
तिला राग परवडत नाही.
फोनवर विचारते : जेवलीस? निकाल कधी?

यंदा तोडणी झाली तशी
तिने एसटीने पेटी पाठवली.
रात्री अकराला, सगळे गेल्यावर,
मी एक फळ फोडलं
आणि सहा दाणे मोजून
यशोधनच्या तळहातावर ठेवले.
पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं.
पाच खाल्ले.
सहावा माझ्यापुढे धरून म्हणाला,
"हा तुझा."

गोष्टीत असं नाहीये,
म्हणणार होते.
खाल्ला.
भगवा वाण, बी मऊ,
कुठे गेली कळलंच नाही.

मग त्याने दिवे मालवले.
सोळा पायऱ्या. तो पुढे, मी मागे.
दर पायरीवर वेडा
मागे वळून बघत होता.

मी होतेच.