उघडी बशी

बावड्याच्या मैलापाणी केंद्रात
टाकीच्या कठड्यावर
आगरची बशी उघडी ठेवली, पंधरा मिनिटं.

खाली जयंती नाला फसफसतोय.
बुडबुडा फुटला की
चिमूटभर कोल्हापूर वर उडतं,
कुणाच्या मोरीतलं, कुणाच्या पोटातलं.

सर्जेराव तिथंच डबा सोडतात.
"वास मेला बघा, चौदा वर्षं झाली.
आता घरात गेलं की
नाकाला चुकल्यागत वाटतंय."

दोन दिवसांनी बशीत उगवले
पिवळे, गुलाबी,
एक मोतिया, फुगीर.
दोनशे सात मोजले.

सर्जेराव बघायला वाकले.
खोकला आला तशी मान वळवली,
तोंडावर टॉवेल धरला,
बशीला लागू नये म्हणून.
मग म्हणाले,
"ह्यातलं आमचं कुठलं, मॅडम?"

नोंदवहीत लिहिलं:
वारा मंद.
गावाकडं.