धुक्याखालून

कंपनीचे दिवे काढले तेव्हा
डाव्या दिव्यात कुंभारमाशीचं घर निघालं,
चिखलाचं, बोटाएवढं, वाळून खडंग.
काच नव्हतीच ती, प्लास्टिक;
सतरा वर्षांत तंबाखूच्या दातांसारखं पिवळं पडलेलं.
"यातून उजेड पडायचा?" नईम मिस्त्रीनं विचारलं.
पडायचा.
दिव्याच्या दिव्यापुरता.

माजलगावात, बंद जिनिंगच्या भिंतीला लागून
त्याचं दुकान: चार पत्रे, एक बाज, वायरींचे झुबके.
मी म्हणालो, पांढरे बसव,
भाच्याच्या गाडीला आहेत तसले,
समोरच्यानं डोळे मिटले पाहिजेत. शंभर वॅट.
तो हसला नाही.
बॉनेट उघडून जुनी वायर नखानं सोलली.
आत तांबं काळं,
वरचं रबर पापडासारखं मोडत गेलं.
"इसमें सौ वॅट डाले तो गाडीच जलती, मामू.
फिर हुता उजाला, बराबर हुता."

मग बाजेवर बसून, चहा बशीत ओतत,
धुक्याचं सांगितलं त्यानं.
पांढरा उजेड धुक्याला थडकतो
आणि आपल्याच तोंडावर परत येतो.
धुकं फाडायचं नसतं.
जमिनीपाशी ते जरा विरळ असतं,
तिथून जायचं,
लग्नात कनातीखालून पोरं घुसतात तसं.

पिवळे घेतले. वीस-वीस वॅटचे एलईडी.
बॅटरीपासून नवी जाड वायर, मध्ये फ्यूज, मध्ये रिले.
बटन तेवढं जुनं राहू दे म्हणालो,
त्यावरचं चित्र माझ्याच अंगठ्यानं पुसलंय.

संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर लावली.
भिंतीवर खडूची रेघ, दिव्याच्या उंचीहून चार बोटं खाली.
मागं चार पोती वाळू टाकायला लावली त्यानं:
भरली गाडी नाक वर करते,
रिकाम्या गाडीचं माप घेऊन काय उपयोग?
त्याचा जुबेर स्क्रू फिरवत होता,
"और नीचे. और."
मी रेघेपाशी उभा.
उजेड माझ्या गुडघ्यांवर येऊन थांबला.

पौषातली पहाट, तीनचा सुमार.
धरणाच्या काठावर क्रेट भरले:
रोहू, कटला, वर बर्फ, वर गोणपाट.
उत्तरेश्वर म्हणाला, आज थांब, हाताला हात दिसंना.
बटन दाबलं. रिले वाजला, टक्.
रस्ता उमटला.
सगळा नाही, पंधरा-वीस पावलं,
आणि कडेला पांढरी पट्टी.
या रस्त्याला पट्टी आहे
हे मला माहीतच नव्हतं.
कधी मारली कुणास ठाऊक.

तेलगावच्या अलीकडं
पट्टीवर चढलेलं एक चाक दिसलं,
मग लोंबणारी वाढं,
मग उसाची ट्रॉली.
मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर,
लुगड्याची लाल चिंधी तेवढी.
चाकापाशी जॅक लावत कुणीतरी बसलेलं;
आधी त्याच्या चपला दिसल्या, मग तो.
ब्रेक.
मागं मासे बर्फासकट सरकल्याचा आवाज.
त्यानं वळून पाहिलं.
डोळ्यांवर हात धरला नाही,
धरायची गरज नव्हती.
"उजेड राहू दे जरा," म्हणाला.
राहू दिला, चाक बसेपर्यंत.
परळीला पोचलो तोवर बर्फाचं पाणी,
किलोमागं दहा रुपये कमी आले.

जुने दिवे घरीच आणले होते.
उजवा अयोध्यानं नेला,
जुन्या बॅटरीवर, पिलांच्या खोक्यात.
पिलं त्याला अशी बिलगतात की दिवाच दिसत नाही.
नव्यांचं कौतुक मी रंगवून सांगितलं.
तिनं गाडीपाशी जाऊन पेटत्या दिव्यावर तळवा ठेवला.
"याला ऊब नाही," म्हणाली.
खरंय.
डावा खुंटीला आहे,
माशीच्या घरासकट.