एकशे वीस ओहम

नगरपरिषदेचं नाट्यगृह, चोपडा.
दोनशे ऐंशी खुर्च्या, त्यातल्या एकोणीस मोडक्या,
आणि पंख्यांना मे महिन्याशी काही देणंघेणं नाही.
मी वर, बारा फुटी घोड्यावर.
खाली धुडकूनाना घोडा धरून,
म्हणजे एक हात घोड्याला, दुसऱ्यात तंबाखू.

"इतली बारीक वायर? करंट कितला से यामा?"

करंट नाही, नाना.
करंट त्या जाड केबलीतून.
हिच्यातून नुसता निरोप जातो:
सात नंबर, तू अर्धा हो.
नऊ नंबर, तू विझ.
एकाच्या पाठीतून दुसऱ्याच्या पाठीत, दिव्यामागून दिवा,
सगळ्यांचे निरोप सगळ्यांच्या दारावरून जातात;
आपला तेवढा ऐकायचा,
दुसऱ्याचा न फोडता पुढे जाऊ द्यायचा.

"गावमा असं कोनी से का?" नाना म्हणाले
आणि चुना शोधायला लागले.

ठेकेदार बाविस्करांनी आधी माईकची केबल पाठवली होती.
वायर ती वायर, ताई.
दिसायला तशीच, काळी, मऊ, आत दोन तारा आणि जाळी.
बिलात मात्र खऱ्या केबलीचं नाव, खरा भाव.
तीन दिवस मी घोड्यावर पाय ठेवला नाही.
चौथ्या दिवशी जळगावच्या एसटीतून गुंडाळी आली,
सोबत बाविस्करांचा अबोला.

प्रत्येक दिव्याच्या पाठीत दहा पांढरे दात.
नखाने वरखाली करून सांगायचं, तुझा नंबर काय.
एक, दोन, चार, आठ, सोळा.
शाळेत माझं गणित कच्चं होतं,
आयटीआयलाही कच्चंच राहिलं,
इथे, छताला डोकं टेकवून, घामात पक्कं झालं.

टाय संपले तेव्हा नानांनी केळीचं सोपट आणलं, भिजवून.
पाईपाला केबल बांधली त्याने.
साहेब पाहतील तेव्हा पाहतील.

नानांच्या डाव्या मनगटावर पांढरा डाग आहे.
"आम्हना टाईमले मिठनं पानी व्हतं."
माठात मिठाचं पाणी, पाण्यात दोन पट्ट्या,
वरचीला दोरी.
नाना दोरी सोडत जायचे वीतवीत,
माठ उकळायचा,
आणि पडद्यापलीकडे पहाट व्हायची.
एकदा हात भाजला, दोरी सुटली,
पट्टीला पट्टी टेकली
आणि मध्यरात्रीच्या महालात भर दुपार झाली.
विष पिऊन पडलेली राणी
डोळ्यांवर हात घेऊन उठून बसली.

संध्याकाळी सगळे लावून पाहिले.
अकरा शहाणे. बारावा, डावीकडचा,
कुणी काही न सांगता थरथरतोय.

"यो का बरं फडफडस?"

शेवटचा आहे म्हणून, नाना.
त्याच्यापुढे दार नाही.
निरोप तिथवर जातो, भिंतीला आपटतो,
तसाच मागे फिरतो
आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर पडतो.
शेवटाला कुणीतरी लागतं,
निरोप पिऊन टाकणारं.

बसस्टँडमागे हनीफ पिंजारींचं रेडिओचं दुकान.
तपकिरी, लाल, तपकिरी. एकशे वीस ओहम.
तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्याला दोन केस.
हनीफभाईंनी डबी पालथी केली, पाच दिले.
पैसे? एवढ्याशाचे काय घेऊ.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेमध्ये डाग दिला,
टोपी घट्ट बसवली,
बाराव्याच्या मोकळ्या तोंडात खोचली.
थांबला.

नाना म्हणाले, एक डाव मी करू?
मी उठले, टेबल त्यांच्यापुढे सरकवलं.
त्यांनी पट्टीवर अंगठा ठेवला
आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटली,
जणू दोरी आत आहे.
इतकं हळू या मशीनवर कुणी करत नाही.
रिकाम्या रंगमंचावर आधी फळ्या आल्या,
मग फळ्यांमधल्या फटी,
मग मध्यावर कुणीतरी विसरलेला झाडू.

"उचलना पडी," नाना म्हणाले.
पण अंगठा काढला नाही.