तिसरी फेरी

गरब्याआधी दोन युनिट कमीच टोचले होते.
तरी तिसऱ्या फेरीत
टाळी कुणा दुसऱ्याच्या हातात वाजली,
कारेलीबागेतले दिवे पाण्यात पडल्यासारखे.

चणियाच्या नाडीला बटवा: मीटर, पट्ट्या.
ग्लुकोजची पुडी कालच संपलेली.
चौपन्न.
घेर माझ्यावाचून फिरत राहिला.

तेवढ्यात आरती झाली. खडीसाखरेचं ताट घेऊन
हर्षिदाबेन आल्या, आणि मला बघून
सवयीनं पुढे सरकल्या.
अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे माझं.

"माझा प्रसाद?" म्हणत ओंजळच धरली.
त्यांच्या चेहऱ्यावर आईच्या सगळ्या सूचना
एकदम.

पायरीवर पंधरा मिनिटं. दातांत खडे कुरकुरतायत,
पाठीवरचा घाम गार.
एकशे दोन.

सरका जरा,
मला आत यायचंय.