सतरा माड

म्हापशाला शुक्रवारी बाजार असतो,
म्हणून आमच्या काउंटरवरही शुक्रवारी गर्दी.
लोक पिशव्या पायाशी ठेवून उभे राहतात,
एकीतून सुक्या बांगड्यांचा वास, एकीत एक्स-रे.
मी काचेच्या अलीकडे. नोटा मोजते.
कुणाच्या ओल्या, कुणाच्या बँकेतून आत्ताच काढलेल्या.
मुलाने पाठवलेले पैसे असले
तर आई न विचारता सांगते, 'बोटीर आसा तो.'

मे महिन्यात फोंडू पाडेली माडावरून पडला.
चाळीस वर्षं चढला. पडला एकदाच.
पॉलिसी होती त्याची, हप्ते वेळेवर.
एजंटबाईंनी फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता: शेती.
माडावर चढणाऱ्याचा हप्ता
माडावर चढणाऱ्याला परवडत नाही.
कंपनीने पत्र पाठवलं, साडेतीन ओळींचं:
शेती करणारा माणूस
तीस हात उंचीवर काय करत होता?
शब्द वेगळे होते. अर्थ हाच.

सरकारी कार्डात ऑपरेशन बसलं,
मणक्यातले स्क्रू बसले नाहीत.
एक लाख शहाऐंशी हजार चारशे.
त्याची बायको शेवंती आकड्याकडे बघत राहिली,
शेवटची बस चुकलेली माणसं
रस्त्याकडे बघतात तशी.

पुढच्या शुक्रवारी धारगळहून जीप आली.
मास्तर, पोदेर, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी बहिणी,
आणि ऑक्टाव्हियो भाटकार, ज्याने फोंडूला
पाडणीचे पैसे आयुष्यात वेळेवर दिले नव्हते.
प्रत्येकाने एकेक माड लिहून दिला होता.
माड नव्हे, त्याचे पाच वर्षांचे नारळ,
आणि बाजारातल्या व्यापाऱ्याने
आपलं कमिशन कापून आगाऊ रोकड दिली होती.
वहीच्या पानावर यादी. सतरा माड.
'ह्याला म्हणायचं काय?' मी मास्तरांना विचारलं.
'भिशी म्हण,' ते म्हणाले. 'नाहीतर भीती म्हण.
उद्या पडणारा आमच्यातलाच.'

त्या रात्री मी माझी पावती काढली.
अकरा वर्षं पगारातून हप्ता जातोय,
मी साधं सलाईन लावून घेतलेलं नाही.
दर मार्चमध्ये म्हणायची, गेले पैसे पाण्यात.
पाण्यात कुठले?
गेले असतील कुणाच्या मांडीच्या हाडात,
कुणाच्या बाळाच्या काचेच्या पेटीत,
आणि बरेचसे, खोटं कशाला बोलू,
साडेतीन ओळी लिहिणाऱ्याच्या पगारात.

इथवर सांगितलं की ऐकणारे खूश होतात.

पण फोंडूच्या शेजारच्या खाटेवर ईरण्णा होता,
गदगचा, एकोणीस वर्षांचा,
हणजूणच्या नव्या व्हिलाच्या परांचीवरून पडलेला.
कंत्राटदाराचा फोन बंद.
आधारवर पत्ता दुसऱ्या राज्याचा.
मी जीपवाल्यांकडे विषय काढला.
मास्तरांनी चष्मा पुसला.
थोरल्या बहिणीने त्याच्या उशाशी
दोन केळी ठेवली.
माड कुणी लिहिला नाही.

त्यांना मी कुठल्या तोंडाने बोलू?
माझी पावतीही घडी होऊन
पर्समध्येच होती.
तिसऱ्या दिवशी त्याला बांबोळीला हलवलं.
पुढचं आम्हाला कुणी कळवलं नाही,
आम्ही विचारलंही नाही.

दिवाळीनंतर फोंडू आला, काठी टेकत.
आता खाली बसून पोरांना सांगतो,
कुठली पेंड तयार, कुठली कोवळी.
काउंटरवर त्याने सोललेला नारळ ठेवला.
म्हटलं, फोंडू, पावतीत नारळाला रकाना नाही.
तो हसला.
मग वॉर्डाच्या दाराकडे बघत म्हणाला,
'तो भुरगो? ताचे पयशे कोणें भरले?'

स्क्रीनवर ईरण्णाचं नाव अजून आहे.
'रक्कम भरणाऱ्याचे नाव',
हा रकाना रिकामा सोडला
की पुढचं पान उघडत नाही.