येण्याची वेळ, जाण्याची वेळ

रजिस्टरमध्ये सहा रकाने असतात.
नाव, गाडी नंबर, फ्लॅट, काम,
येण्याची वेळ, जाण्याची वेळ.
बालेवाडीत गेट नंबर दोनवर
चार वर्षं मी हेच भरतोय.

त्या रात्री एक वाजता अयोध्याचा फोन.
लेकरू अंगावर पिईना,
दोन घोट ओढतं, सोडतं, दम खातं.
शेजारीण म्हणाली, दात येत असतील.
ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून झाली होती.
सूसच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत
डिसेंबरात थंडी फरशीतून वर येते.
मागोमाग गावाकडून आई:
डबा झाला असंल, बिब्ब्याचा चटका दे पोटाला,
तुला नव्हता का दिला?
दिला होता.
बेंबीच्या वर, रुपयाएवढा. अजून आहे.

दीड वाजता बाराशे चारची गाडी आली.
डॉ. बेहेरे. त्यांचं नाव कधी लिहावं लागत नाही,
काचेवर स्टिकर आहे.
मी दांडा वर केला नाही.
काच खाली आली. मी काय बोललो आठवत नाही.
केवढी आहे?
सात महिन्यांची.
खोकला किती ते राहू द्या, म्हणाल्या,
बायकोला अंगडं वर करायला सांगा.
रडत असेल तर आधी शांत होऊ दे.
पोट वर आलं की एक.
पूर्ण मिनिट. अर्धं मोजून दुप्पट नको.

फोन स्पीकरवर.
तिकडून अयोध्या, दर श्वासाला नुसतं
हं.
हं. हं.
माझ्याकडे पेन होतं, भिंतीवर कंपनीचं घड्याळ.
'येण्याची वेळ'च्या रकान्यात रेघा ओढत गेलो,
चार उभ्या, एक आडवी,
कापसाच्या गाठी मोजतात तशा.
रकाना भरला, रेघा 'जाण्याची वेळ'मध्ये शिरल्या.
चौसष्ट.

मॅडमनी इंजिन बंद केलं.
या वयात पन्नासच्या आत हवेत.
आता बरगड्यांच्या खाली बघू दे,
श्वास घेताना छाती आत ओढली जाते का.
अयोध्या गप्प.
मग म्हणाली, बोट मावंल एवढा खड्डा पडतोय.
आन् नाकपुड्या फुलतायत, सशासारख्या.

आत्ता न्या. सकाळी नाही.
चटका तर अजिबात नको.

मी त्याच पानावर खाली लिहिलं:
नाव, घोडके. फ्लॅट, नाही. काम, श्वास.
जाण्याची वेळ, एक पन्नास.
शिट्टी टेबलावर ठेवली.
गेट एकवरून सोनकांबळे येईपर्यंत
बाराशे चारच्या मॅडम माझ्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या,
बसल्या नाहीत.

औंधच्या सिव्हिलला पाच दिवस.
नाकाला नळी, पायाच्या अंगठ्याला लाल दिवा.
सिस्टर मशीनवरचा आकडा वाचायच्या,
मी पोट बघायचो.
अठ्ठावन्न. सेहेचाळीस. एकेचाळीस.
पाचव्या दिवशी मोजत होतो
तर अन्वी माझ्याकडे बघून हसली
आणि माझं मोजणं चुकलं.

सुपरवायझरनं अर्धा पगार कापला त्या रात्रीचा.
पानावर बोट ठेवून म्हणाला,
रात्री दीडला एवढी माणसं आली?

एकच, मी म्हणालो.