घोड्याचे मागचे पाय

हेक्समच्या चर्चमागच्या हॉलात
शुक्रवारी आणि शनिवारी आमचा प्रयोग:
चार अंकांत सहा प्रेमकादंबऱ्या,
चहा-बिस्किटं धरून तिकीट नऊ पौंड.

नायिका डेझमंड. वय एकसष्ट, बस चालवतो.
मिशी काढणार नाही म्हणाला,
मग आम्ही त्याच्या हातात पंखा दिला.
नायक विनिफ्रेड, गुरांची डॉक्टर, चार फूट अकरा.
ती उमराव होते दुधाच्या क्रेटवर चढून,
आणि क्रेट सरकवायला
संहितेत एक नोकर वाढवलाय.

मी ऑड्री फेदरस्टन, विंगेत.
माळरानावरचा वारा माझ्याकडे आहे.
लाकडी पिंप, त्यावर ताणलेलं किंतान, एक दांडा.
फिरवला की वादळ, थांबवला की दिवाणखाना.
पाऊस बिस्किटांच्या डब्यात: वाळके वाटाणे.

पहिल्या अंकात नायिका मूर्च्छित होते.
दुसऱ्यातही.
तिसऱ्यात कोचाचा पाय निखळलेला असतो,
म्हणून आधी विचारून पडते.
"हाय रे दैवा! वार्षिक प्राप्ती दहा सहस्र,
अन् मुखावर स्मित म्हणून नाही!"
डेझमंड हे सगळं
थांब्यांची नावं पुकारावीत तसं म्हणतो.

मग घोडा.
पुढचे पाय म्हणजे सिरिल डॉडचा भाचा,
आत वाकून मोबाइल बघणारा.
मागचे पाय सिरिल स्वतः, खाटीक, विधुर.
त्याला आत काही दिसत नाही:
काळोख, भाच्याची पाठ, घोंगडीचा वास.

शनिवारी ऐन मागणी घालताना विनिफ्रेड अडकली.
"हे चारुगात्री, माझे हृदय..."
आणि पुढे कोरं.
कुणाचा तरी चमचा बशीत वाजला.
माझ्या हातून दांडा सुटला,
वारा पडला.

घोडा वळला. म्हणजे मागचे पाय वळले,
पुढचे होते तिथेच.
पोटाची शिवण टरकत गेली
आणि अर्धा घोडा चाचपडत
माझ्या विंगेत आला.
हॉल हसून हसून रडला.
लोकांना वाटलं, हे लिहिलेलंच आहे.

घोंगडीतून आवाज:
"ऑड्री, बरी आहेस ना?
वारा थांबला, म्हणून म्हटलं."

तीन हिवाळे मी समजत होते
की याला पावलं पाठ आहेत.

कादंबऱ्यांत एवढ्याला चारशे पानं लागतात,
दोन आजारपणं, एक मृत्युपत्र,
चुकीच्या हाती पडलेलं पत्र.
मी म्हटलं, "आहे."
तो म्हणाला, "मग फिरव जरा जोरात,
मला परत जायचंय."

घोडा आता माझ्या स्वयंपाकघरात आहे.
मागचाच भाग, खुर्चीवर, शिवायला.
सिरिल गुरुवारी माप द्यायला येतो म्हणाला.
मागच्या वर्षीचं माप वहीत आहे माझ्या.
मी काही बोलले नाही.